गाडीला साबण की गोडं पाणी?

मंडळी, रविवारी सकाळी गाडी धुवायला काढली, की बादलीत तुम्ही काय टाकता? खरं सांगा, कुणी रागावणार नाही. बहुतेक घरांत उत्तर एकच असतं : हाताला लागेल ते! कपड्यांची पावडर संपत आली असेल तर भांड्यांचा साबण, तोही नसेल तर शाम्पूची पुडी. चाकांवरचे डाग हटत नसले, की संडास धुवायची बाटली. काचेला रद्दी पेपर आणि डॅशबोर्डला खोबरेल तेल. गाडी चकचकीत दिसते, शेजारी मान वळवून बघतात आणि आपण समाधानानं चहा घ्यायला बसतो.

मीही तसाच बसत होतो. शाळेत मी रसायनशास्त्र शिकवायचो. आम्ल म्हणजे काय, अल्कली म्हणजे काय, हे फळ्यावर लिहून लिहून खडूनं बोटं पांढरी झाली. पण स्वतःची पहिली गाडी घेतली, तेव्हा ते सगळं ज्ञान वर्गातच राहिलं. सेकंडहँड गाडी, पांढरा रंग, घर करंज्याला. दर रविवारी मूठभर कपड्यांची पावडर बादलीत टाकायची, भरपूर फेस करायचा आणि जुन्या बनियननं खसाखसा घासायचं. वर्षभर गाडी नव्यासारखी दिसली. दुसऱ्या वर्षी रंग निस्तेज झाला. तिसऱ्या पावसाळ्यात दारांच्या खालच्या कडेला रंगाखाली फोड आले. एक फोड नखानं उचकटला, तर बोट आत गेलं. पत्रा नव्हताच, नुसता गंजाचा भुगा होता.

गाडी उरणला डेंटरकडे नेली. मिस्त्री वयानं माझ्याएवढाच. त्यानं दार ठोकून बघितलं, खाली वाकून एक काडी आत घातली आणि चिखल, वाळू व पांढरट राबडा यांचा एक गोळा बाहेर काढला. मग म्हणाला, “मास्तर, गारी साबनानं नाय खाल्ली, मिठानं खाल्ली. साबनानं फकस्त दार उघरलं.”

ते वाक्य मी विसरलो नाही. आज त्याचाच अर्थ तुम्हांला सांगणार आहे.

आधी करंजा कुठं आहे, ते सांगतो. पनवेलहून उरणच्या रस्त्याला लागलं आणि उरण ओलांडून पुढं गेलं, की द्रोणागिरीच्या पायथ्याशी, अगदी जमिनीच्या टोकाला आमचं गाव. कोळ्यांची वस्ती, मासेमारीचं बंदर, समोर खाडी आणि खाडीपलीकडं रेवस. रेवसला जायचं तर लाँचनं. तीन बाजूंनी खारं पाणी असल्यावर वाराही खाराच असणार. लाटा फुटतात तेव्हा पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब हवेत उडतात. त्यांतलं पाणी सुकतं आणि मिठाचे कण वाऱ्याबरोबर गावात शिरतात. ते खिडकीच्या गजांवर बसतात, टीव्हीच्या अँटेनावर बसतात आणि अंगणातल्या गाडीवरही बसतात. किनाऱ्यापासून जसजसं आत जावं, तसतसं हे प्रमाण झपाट्यानं कमी होतं. म्हणून पनवेलच्या गाडीला जे चालतं, ते करंज्याच्या गाडीला चालेलच असं नाही.

आता हे मीठ करतं काय? तुमच्या स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आठवा. पावसाळ्यात ती ओली होते. हवेतला ओलावा साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेला, की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच त्यात विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं. ते तर त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओलं राहतं. म्हणजे आपल्याला गाडी कोरडी दिसते, पण पत्र्यावर, पत्र्याच्या सांध्यात, चाकाच्या कमानीत खाऱ्या पाण्याचा न दिसणारा पापुद्रा असतोच. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो. त्यात मीठ आलं, की तेच काम कितीतरी वेगानं होतं, कारण खाऱ्या पाण्यातून विद्युतभार सहज वाहतो आणि गंजणं ही मुळात विजेचीच क्रिया आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. म्हणून तो रंगाला आतून वर उचलतो आणि फोड येतो. फोड दिसला, की समजावं रोग जुना आहे.

पत्र्याला यापासून वाचवतो तो रंग. पूर्वीच्या गाड्यांचा रंग आणि आताच्या गाड्यांचा रंग यांत फरक आहे. मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी आठवते ना? कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी अनेक वर्षं मुंबईची ओळख होती. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. त्या जमान्यातल्या गाड्यांचा रंग म्हणजे वरपासून खालपर्यंत रंगच. तो निस्तेज झाला की ड्रायव्हर कंपाउंड घेऊन घासायचा, वरचा मेलेला थर निघायचा आणि खालचा ताजा रंग वर यायचा. ‘घासलं की चमकतं’ ही आपली समजूत त्या गाड्यांपासून आली आहे.

आताच्या गाडीला पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्राइमर, त्यावर रंग आणि सगळ्यांत वर एक पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. चमक दिसते ती या थराची. सगळे थर मिळून जाडी किती? साधारण वर्तमानपत्राच्या दोन कागदांएवढी. आणि पारदर्शक थर एकटा धरला, तर एका कागदापेक्षाही पातळ. जेवढं घासाल, तेवढा तो कमी होणार आणि एकदा गेला, की घासून परत येणार नाही. या थराचंही रक्षण व्हावं म्हणून त्यावर मेण लावतात. मेणावर पाणी ठरत नाही, थेंब होऊन घरंगळतं आणि त्याबरोबर मीठही जातं.

आता घरातल्या एकेका बाटलीकडं वळू. प्रत्येक बाटली कुठल्यातरी मळासाठी बनवलेली असते. प्रश्न एवढाच, की तो मळ आपल्या गाडीवर आहे का?

पहिली कपड्यांची पावडर. आपल्याकडं सर्फ १९५९ मध्ये आली, निरमा १९६९ मध्ये आली आणि पावडर घरोघरी पोचली. तिच्यात मळ सुटा करणारं रसायन असतं आणि धुण्याचा सोडा असतो. घामाचा, तेलाचा मळ काढायला सोडा उत्तम, कारण तो तेलकटपणा तोडतो. पण गाडीवरचं मेणही त्याच्या दृष्टीनं तेलकट मळच! म्हणजे पावडरीनं गाडी धुतली, की पहिल्यांदा जातं ते संरक्षण. शिवाय सोड्यानं ॲल्युमिनियम काळवंडतं. आईनं ॲल्युमिनियमचं पातेलं सोड्यात उकळलं तर काय होतं, ते तुम्ही पाहिलं असेल. गाडीच्या पट्ट्यांचं आणि अलॉय चाकांचंही तेच होतं. न विरघळलेले कण फडक्याखाली सापडले, की बारीक ओरखडे पडतात. आणि काही स्वस्त पावडरींत भर म्हणून खनिज भुकटी आणि चक्क मीठही असतं. खाऱ्या वाऱ्याच्या गावात आपण मिठाची गाडी मीठ घालून धुतो, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

माझ्या दारांचं काय झालं, ते आता कळेल. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. काचेच्या फटीतून आत गेलेलं पाणी तिथून निथळावं म्हणून ती ठेवलेली असतात. माझ्या पावडरीचा राबडा आणि धूळ मिळून ती भोकं बुजली. खारं पाणी आत साठलं. वरून मी चमक बघत होतो आणि दार आतून कुजत होतं. दिसतं तसं नसतं, म्हणतात ते हेच.

दुसरा भांड्यांचा साबण. त्यात वडी आणि पातळ साबण असा भेद करा. वडीत घासण्यासाठी खनिजाची पूड असते. ती कढईला ठीक, बोनेटला नाही. भांड्यांची हिरवी घासणी तर गाडीच्या जवळपासही नको. पातळ साबण त्या मानानं सौम्य. चिमूटभर सोडा नसलेला, जवळजवळ उदासीन असा. एखाद्या वेळी दुसरं काही नसेल, तर बादलीभर पाण्यात चमचाभर घालून धुतली, म्हणून गाडी बिघडत नाही. मात्र तोही मेण हलकं करतो, म्हणून दर आठवड्याला नको. आणि ज्या दिवशी नवं मेण लावायचं असेल, त्या दिवशी जुनं काढायला तोच साबण उपयोगी पडतो. केसांच्या शाम्पूचंही साधारण तसंच. तो सौम्य असतो, फक्त भरपूर पाण्यानं निघेपर्यंत धुवावं लागतं. आणि गाडीचा म्हणून मिळणारा शाम्पू थोडा महाग वाटतो, पण एका बाटलीत कितीतरी धुण्या होतात.

तिसरी संडास साफ करायची बाटली. हिच्यापुढं मात्र मी हात जोडतो. त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. चाकावरचा गंज दोन मिनिटांत निघतो, हे खरं. पण त्याबरोबर धातूचा वरचा थरही निघतो आणि क्लोराईड सांध्यांत मागं राहतं. क्लोराईड म्हणजे मिठातला तोच अर्धा भाग, जो पत्रा खातो. आठ दिवसांत गंज दुप्पट जोमानं परत येतो. रोगापेक्षा औषध भयंकर! आणि हे आम्ल ब्लिचिंग पावडरीत किंवा ब्लीचच्या पाण्यात कधीही मिसळू नका. दोन्ही एकत्र आली, की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये ईप्र इथं शस्त्र म्हणून वापरला गेलेला तो हाच वायू. बंद गॅरेजमध्ये किंवा दारं लावलेल्या गाडीत तो जिवावर बेतू शकतो. सीटच्या पट्ट्यांनाही ब्लीच लावू नका. डाग जाईल, पण धागा कमजोर होईल आणि अपघाताच्या क्षणी तो पट्टाच तुमचा जीव धरून ठेवणार असतो.

चौथी टूथपेस्ट. पुढचे दिवे पिवळे पडले, की पुष्कळजण ती लावतात आणि दिवा खरोखरच स्वच्छ होतो. आताचे दिवे काचेचे नसतात, पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकचे असतात. त्यांवर उन्हापासून वाचवणारा एक थर दिलेला असतो. तो उन्हानं खराब झाला, की पिवळेपणा येतो. टूथपेस्टमधली बारीक पूड तो खराब थर घासून काढते. पण मग प्लॅस्टिक उघडं पडतं आणि काही महिन्यांत पुन्हा पिवळं होतं. म्हणून घासल्यानंतर वर नवा संरक्षक थर दिला, तरच उपयोग. एरवी हा रात्रीच्या प्रवासापुरता उपाय समजा.

पाचवं रॉकेल. नव्या रस्त्याचं डांबर उडून मडगार्डवर चिकटलं, तर रॉकेलचा बोळा दोन मिनिटांत ते काढतो. तेवढ्याच ठिपक्यावर लावावं आणि लगेच धुवावं. पण सगळी गाडी रॉकेलनं किंवा डिझेलनं पुसून चमकवायची जी पद्धत आहे, ती सोडा. त्यानं रबर फुगतं, दारांच्या पट्ट्या सैल होतात आणि तेलकट अंगावर धूळ अधिकच बसते.

आता आमच्या गावचा खास प्रश्न : म्हावऱ्याचा वास! माझा पुतण्या पहाटे बंदरावरून मासळी घेऊन पनवेलच्या बाजारात जातो. छोटी पिकअप, कर्जावर घेतलेली. बर्फ वितळतो, मासळीचं खारं पाणी हौद्यात उतरतं आणि सांध्यांतून खाली चासीवर ठिबकतं. वास जावा म्हणून तो रोज कपड्यांची पावडर आणि ब्लिचिंग पावडर टाकून हौदा धुवायचा. एक दिवस मला म्हणाला, “काका, वास जात नाही आणि पत्रा मात्र जातोय. हप्ते अजून दोन वर्षांचे आहेत.” खाली वाकून बघितलं, तर हौद्याच्या कोपऱ्यात पैशाएवढं भोक!

मासळीचा वास मुख्यतः ट्रायमेथिलअमीन नावाच्या पदार्थाचा असतो. हा पदार्थ अल्कली गटातला. आता अल्कलीचा वास घालवायला आपण खाण्याचा सोडा किंवा धुण्याचा सोडा टाकला, तर काय होणार? सोडाही अल्कलीच. त्यानं वास बांधला जात नाही. बांधतं ते आम्ल. म्हणून तर आपल्या घरात बायका मासळीला आगळ, चिंच किंवा लिंबू लावतात. पुस्तक न वाचता त्यांना जे ठाऊक होतं, ते मला रसायनशास्त्र शिकवूनही हौद्याजवळ सुचलं नव्हतं. आधी गार पाण्यानं रक्त आणि खवले धुऊन काढायचे, गरम पाण्यानं ते चिकटून बसतात. मग एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी असं फडक्यानं पुसायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि साध्या पाण्यानं सगळं धुऊन काढायचं. व्हिनेगर पत्र्यावर तसंच राहिलं, तर तेही पत्रा खाईल. गाडीत सीटवर मासळीची पिशवी सांडली, तरी हाच उपाय. आधी कोपऱ्यात लावून कापडाचा रंग जात नाही ना, तेवढं बघा. ब्लिचिंग पावडर प्लॅस्टिकच्या क्रेटसाठी ठेवा आणि क्रेट खाली उतरवून वेगळे धुवा.

मग गाडी धुवायची कशानं? आमच्या कोळ्यांना याचं उत्तर पूर्वीपासून ठाऊक आहे. इंजिनाला खारं पाणी लागलं, की ते गोड्या पाण्यानं धुतात. साबणाचं नावही काढत नाहीत. कारण साबण तेलासाठी असतो. मीठ हा तेलकट मळ नाही, ते साध्या पाण्यात विरघळतं. शंभर मिलिलिटर पाणी छत्तीस ग्रॅम मीठ सामावून घेतं. म्हणजे मिठाला लागतं फक्त गोडं पाणी आणि ते योग्य ठिकाणी पोचणं. आपण काय करतो? शेजाऱ्याला दिसतं ते टप आणि बोनेट तासभर घासतो आणि जिथं मीठ साठतं, त्या चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा आणि गाडीचं पोट यांकडं बघतही नाही. पाऊसही वरूनच धुतो, खालचं मीठ तसंच राहतं.

पाणी भरमसाट लागतं असं नाही. उरण भागाला रानसई धरणाचं पाणी येतं आणि उन्हाळ्यात त्याची काय ओढाताण होते, हे इथल्या बायकांना विचारावं. नळी मोकळी सोडून गाडी धुणं मला पटत नाही. तीन बादल्यांत काम होतं. पहिली निम्मी बादली वरून ओतून धूळ आणि वाळू वाहू द्या, फडकं अजून लावू नका. दुसऱ्या बादलीत गरज असेल तरच थोडा शाम्पू घाला आणि टपापासून खाली येत, मऊ मायक्रोफायबरच्या कापडानं हलक्या हातानं पुसा. कापड पिळायला पहिल्या बादलीतलं उरलेलं पाणी ठेवा, म्हणजे वाळू परत गाडीवर जाणार नाही. तिसरी बादली सगळी खालच्या भागासाठी. कमानींत, दारांखाली, पोटाखाली जोरानं पाणी मारा. दारांची भोकं काडीनं मोकळी करा. गाडी सावलीत आणि थंड असताना धुवा, नाहीतर पाणी अंगावरच सुकून डाग पडतात.

आणि पाणी गोडंच आहे ना, याची खात्री करा. किनाऱ्याजवळच्या पुष्कळ बोअरिंगना खारं पाणी लागतं. एक सोपी परीक्षा सांगतो. काचेच्या तुकड्यावर चार थेंब ठेवून उन्हात सुकवा. पांढरी कडी उमटली, तर ते पाणी शेवटच्या धुण्यासाठी वापरू नका. शेवटची बादली नळाची किंवा पावसाची घ्या. पावसाळ्यात पन्हाळीखाली पिंप ठेवलं, तर याहून चांगलं पाणी विकतही मिळणार नाही.

जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि उरणपर्यंत लोकलही आली. आता मुंबईहून पुष्कळजण सुटीच्या दिवशी गाडी घेऊन आमच्या बाजूला येतात. त्यांनाही सांगणं एवढंच, की समुद्रावरून घरी गेलात, की त्याच दिवशी गाडीच्या पोटाखाली दोन तांबे जास्त पाणी मारा. वरची चमक पुढच्या रविवारी बघता येईल.

माझ्या पुतण्यानं हौद्याला लोखंडाचा तुकडा जोडून घेतला, खालून गंजरोधक रंग मारला आणि ब्लिचिंग पावडर बंद केली. आता तो बाजारातून परत आला, की चहा घ्यायच्या आधी दोन बादल्या गोडं पाणी हौद्यात आणि चासीवर मारतो. त्याला पंधरा मिनिटं लागतात. परवा मी विचारलं, “काय रे, गाडी कशी आहे?” तर म्हणाला, “काका, चमकत नाही, पण आहे.”

हप्ते संपेपर्यंत गाडी असणं, हेच तर त्याला हवं होतं!

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)